सुलोचनाबाईला मिळालेलं वाण

हिंगणघाटात लग्नाची तारीख निघाली की पोरीचा बाप हॉलवाल्याकडे जाण्याआधी सुलोचनाबाईकडे यायचा. हॉल दुसरा मिळतो, बँड दुसरा मिळतो, पण उलट्या मडक्यावर लांब रोटी टाकणारी तशी बाई दुसरी मिळत नव्हती. सैल कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायची आणि एका झोक्यात तापल्या मडक्यावर अंथरायची. रोटी इतकी पातळ, की रुमालासारखी घडी घालून वाढता यायची. माझ्या मुलीच्या, नमिताच्या लग्नात अर्धे पाहुणे नवरीपेक्षा रोट्यांबद्दलच बोलत होते, आणि नमिता ते अजूनही मला ऐकवते.

मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. रिटायर होऊन काही वर्षं झाली तरी आमची गल्ली मला बाईच म्हणते. सुलोचनाबाई समोरच्या घरात राहते. तिचा नवरा कापड गिरणीत होता, त्याला जाऊन वीसेक वर्षं झाली. एकुलती एक मुलगी वर्षाली गिरडला दिलेली, जावई शेती करतो. त्यामुळे घरात ती, तिची मडकी आणि तिची बडबड. सकाळी दार उघडलं की माझ्या नवऱ्याला हाक मारून ती पेपरातल्या मेलेल्यांची नावं विचारायची. "कोणी आपल्यातलं आहे का, पाहा जी," म्हणायची.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी सारखी पाहत आले. लग्नघरात सगळ्यांना तिचे हात हवे असत, तिचं कपाळ कोणालाच नको असे. हळद लागायची वेळ झाली की ती आपणहून मांडवाच्या मागे, मडक्यांपाशी असायची. तिला कोणी जा म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण म्हणायची वेळच ती येऊ देत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचंही तेच. ज्या बायांनी तिच्या हातच्या रोट्या मागून मागून खाल्ल्या, त्याच बाया तिच्या दारावरून पुढच्या घरी आवतन द्यायला जात. मला स्वतःला हळदीकुंकवाचा कंटाळा आहे. दरवर्षी प्लास्टिकचे डबे घेऊन परत यायचं आणि पुढच्या वर्षी तेच दुसऱ्यांना वाटायचे. मी एकदा हे तिला बोलले, तर ती नुसती हसली. मला वाटलं होतं, तिलाही माझ्यासारखंच त्यात काही वाटत नसावं.

आयुष्यभर उकिडवं बसून तिचे गुडघे गेले. आमच्याकडे त्यांना टोंगळे म्हणतात. उठताना ती आधी हात जमिनीवर टेकायची, मग भिंतीला धरायची, मग देवाचं नाव घ्यायची. सत्तरीच्या वरच्यांना सरकारने विम्याचं कार्ड द्यायला सुरुवात केली तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या आधी तिने ते काढून आणलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. वर्ध्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की दोन्ही सांधे बदलावे लागतील, आणि कार्ड असल्यामुळे एक रुपया लागणार नाही. ते दिवाळीनंतर लगेच करायला तयार होते. ही म्हणाली, लगनसराई होऊन जाऊ द्या. लोकांना शब्द दिलेला आहे.

"नवे टोंगळे बसले की बाई, अजून दहा वर्षं मडक्यापुढं बसतो मी," ती मला म्हणाली. "हात चांगले हायेत. हाताले काही झालं नाई."

मला ते पटलं होतं. खरंच, तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. चूल पेटली आणि समोर मडकं असलं की ती कोणाची विधवा नसायची, कोणाची सासू नसायची, एक कसबी बाई असायची. गुडघे गेले की हे सगळं जाणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या प्रेरणाला काम मिळालं. प्रेरणा म्हणजे निकेश ऑटोवाल्याची बायको. पोरगी बोलायला गोड, कडेवर वर्षाचं लेकरू. कुठल्याशा कंपनीने तिला नेमलं होतं. विमा कार्ड असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आरोग्य किट फुकट वाटायचं, असं ते काम. बीपीचं मशीन, गुडघ्याचा पट्टा, मालिशचं तेल, कसल्यातरी गोळ्या. म्हाताऱ्यांना एका जागी गोळा करायचं, बाकी कंपनीचा माणूस येऊन करेल. त्या माणसाचं नाव मुकेश. टाय लावायचा, आणि प्रत्येक म्हातारीच्या पाया पडायचा.

गोळा कसं करायचं ते प्रेरणानेच ठरवलं. संक्रांत तोंडावर होती. तिने जाहीर केलं की यंदा तिच्या अंगणात हळदीकुंकू होईल आणि ते फक्त म्हाताऱ्या बायांचं असेल, नवरा असो नसो. तिच्या सासूने तोंड वाकडं केलं. प्रेरणा बधली नाही. मला त्या पोरीचं मनापासून कौतुक वाटलं, आणि पुढे जे झालं त्यानंतरही त्या एका गोष्टीचं कौतुक मी मागे घेतलेलं नाही.

सुलोचनाबाईला आवतन आलं तेव्हा तिने ते दोनदा विचारून घेतलं. मग गुडघ्याला फडकं बांधून ती स्वतःच निघाली. आमच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, नदीकडच्या वस्तीत, जिथं जिथं तिच्यासारखी बाई होती तिथं गेली. शकुबाईच्या घरी तर तिला पायऱ्या चढायला धरावं लागलं. "ये वं, कोणी काही म्हणत नाई, वाण पण भेटते," असं सांगत फिरली. काही जणींनी तिला वेड्यात काढलं. ती पुन्हा गेली आणि त्यांना घेऊनच आली.

त्या दिवशी अंगणात सतरंजीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या मी विसरणार नाही. कितीतरी वर्षांनी पेटीतून काढलेली लुगडी, त्यांना डांबरगोळ्यांचा वास. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. प्रेरणा करंडा घेऊन पहिल्यांदा सुलोचनाबाईपुढे वाकली. हिने सवयीने मान मागे घेतली. प्रेरणा म्हणाली, "मावशी, हालू नका नं," आणि कपाळावर बोट टेकवलं. सुलोचनाबाईने सुपारी धरलेला हात पदराखाली घेतला. माझे डोळे भरून आले आणि मी शेजारणीला उगाच तिळाचा भाव विचारत बसले.

मग वाण आलं. निळी पिशवी, तिच्यात किट. मुकेशने हसत हसत सांगितलं, "आजी, कार्ड दाखवा आणि इथं अंगठा लावा, किट कोणाकोणाला दिलं त्याची नोंद करायची असते." त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, सिमकार्डाला अंगठा. शिवाय ते वाण होतं. हळदीकुंकवाचं वाण कोणी नाकारत नाही, आणि ते देणाऱ्याला हे कशासाठी असं विचारतही नाही. आमच्या बायांना कोणी रस्त्यावर थांबवून फुकट पिशवी दिली असती तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. कुंकू लावल्यावर त्यांनी एकही विचारला नाही.

सुलोचनाबाईचा अंगठा मशीन घेईना. तापल्या मडक्यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच भाजून निघाल्या होत्या. मुकेश म्हणाला, राहू द्या आजी, पण हिला ते पटेना. बाकीच्यांना वाण आणि आपल्यालाच नाही, हे तिला त्या दिवशी तरी चालणार नव्हतं. अंगठा पदराला पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला. शेवटी प्रेरणाने तिचा अंगठा आपल्या हातात धरून मशीनवर दाबला, तेव्हा हिरवा दिवा लागला. सगळ्या बाया हसल्या आणि सुलोचनाबाईही हसली.

बीपीचं मशीन आठवड्यात बंद पडलं. पट्टा तिच्या गुडघ्यावर चढेना. पण ती पिशवी तिने मोडीत दिली नाही.

लगनसराई तिने कशीबशी काढली. शेवटच्या लग्नात दोन पोरींनी तिला काखेत हात घालून चुलीपुढून उठवलं. जूनमध्ये आम्ही वर्ध्याच्या त्या हॉस्पिटलात गेलो. गिरडहून वर्षालीही आली होती, आईजवळ राहायला कपड्यांची पिशवी घेऊन. खिडकीतल्या मुलीने कार्डाचा नंबर टाकला, स्क्रीन पाहिली, मग सुलोचनाबाईकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीन पाहिली.

"आजी, तुमचे तर दोन्ही गुडघे बदलून झालेत."

"कोणाचे?"

"तुमचेच. एक मार्चमध्ये, एक एप्रिलमध्ये." तिने एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ते गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ह्या बाईने अर्ध्या हिंगणघाटाला रोट्या खाऊ घातल्या होत्या. साक्षीला वऱ्हाडंच्या वऱ्हाडं आणता आली असती. मी तावातावाने हे बोलू लागले तेवढ्यात सुलोचनाबाईने त्या खिडकीपुढेच लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. काळे, घट्टे पडलेले, सुजलेले दोन गुडघे. टाक्याची खूण नाही की चरा नाही. रांगेतले लोक पाहत होते. त्या मुलीने मान खाली घातली आणि म्हणाली, "आजी, मला दिसतं हो. पण कॉम्प्युटरवर तसं नाही."

डॉक्टरही भला माणूस. त्याने फोटो पाहून सांगितलं की हाडं मूळचीच आहेत. पण बदललेला सांधा पुन्हा बदलायला विम्याची मंजुरी मिळत नाही. पुढच्या वर्षी कार्डावर नवे पैसे आले तरी मिळणार नाही. आधी ती खोटी नोंद रद्द व्हायला हवी. पदरच्या पैशांनी करायचं तर जावयाला वावर विकावं लागलं असतं, आणि तसं नुसतं बोललेलंही सुलोचनाबाईने ऐकून घेतलं नसतं.

विम्याच्या तक्रारी घेणारे एक साहेब तिथंच वर्ध्याला बसतात. त्यांच्यापुढे मी तिला नेलं. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "अशा पुष्कळ तक्रारी येऊन राहिल्या. आजी, फक्त एवढं सांगा, तुमचा अंगठा कोणी घेतला, कुठं घेतला, सोबत कोण होतं. तेवढं बयान झालं की नोंद रद्द करायला मी आजच लिहितो."

मला हायसं वाटलं.

"याद नाई, साहेब," सुलोचनाबाई म्हणाली.

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिने हात काढून घेतला. साहेबांनी पुन्हा विचारलं, वर्षालीने विचारलं, आणि ती प्रत्येकाला तेच सांगत राहिली. मी मधे बोलायला गेले तर साहेब म्हणाले, कार्ड ज्यांचं आहे त्यांनीच सांगायला हवं. बयानात तेच लिहिलं गेलं, की आठवत नाही.

परतीच्या एसटीत मी तिला फाडून खायचंच बाकी ठेवलं होतं. "काऊन नाही सांगितलं? त्या मुकेशसाठी?"

"मुकेश गेला खड्ड्यात. त्याचं नाव सांगितलं तं पोरीचं येणारच हाय. त्याले कोण ओळखते? ओळखीचं तोंड तं तिचंच."

"मग येऊ द्या. अंगठा तिने धरून लावला तुमचा."

"बाई, कंपनीले अंगठे पाह्यजे होते. ते तिले असेच भेटले असते, पिशवी पाहून. कुंकू लाव म्हणून कंपनीनं नव्हतं सांगितलं तिले. ते तिनं तिच्या मनानं लावलं." मग ती म्हणाली, "लेकरू अंगावर पिते तिचं. पोलीस नेतीन."

"आणि तुमचे टोंगळे?"

"तुमी सवाशीन हा, बाई. तुमाले नाई समजत."

मला भयंकर राग आला. पण रागाच्या खाली मला कळत होतं की ती खरं बोलते आहे. ज्याचा मला कंटाळा यायचा त्याची किंमत ती दोन गुडघ्यांनी मोजत होती, आणि ती किंमत जास्त आहे असं तिला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रेरणाकडे गेले. ती खूप रडली. मुकेशचा फोन कधीपासून बंद होता. तिच्या सासूच्या कार्डावर हृदयाचं ऑपरेशन निघालं होतं, आणि ती सासू आत भांडी आपटत होती. पोरीला खरंच काही माहीत नव्हतं, असं माझं मत झालं. सुलोचनाबाईने तिचं नाव घेतलं नाही हे मी तिला सांगितलं. ती आणखी रडली आणि तिने माझे हात धरले.

पण आम्ही दोघीच काही तक्रार करणाऱ्या नव्हतो. मागच्या गल्लीतल्या रूपरावच्या बायकोचं कार्डही रिकामं निघालं होतं. रूपराव रिटायर्ड पोस्टमन, गप्प बसणारा माणूस नव्हे. त्याने सरळ प्रेरणाचं अंगण सांगितलं. पावसाळ्यात चौकशीची माणसं गल्लीत आली. प्रेरणा दारात उभी, कडेवर लेकरू, भोवती अख्खी गल्ली. तिला विचारलं की एवढ्या बाया कोणी जमवल्या. निकेशने तिच्याकडे पाहिलं.

"मी फक्त कुंकू लावलं, साहेब," ती म्हणाली. "बाया सुलोचनामावशीनं आणल्या. घरोघरी त्याच गेलत्या."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. समोरच्या ओट्यावर बसून सुलोचनाबाई हे ऐकत होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "होय, मीच गेलती." मग तिचं जुनं बयान निघालं. जमवणारी हीच, आणि अंगठा कोणी घेतला ते हिलाच आठवत नाही. चौकशीचा एक माणूस मला म्हणाला, मॅडम, आम्हाला हे पाहावंच लागेल. तेव्हापासून तिची तक्रार बाजूला ठेवलेली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत नोंद रद्द होणार नाही, आणि चौकशी कधी पूर्ण होणार हे साहेबांनाही सांगता येत नाही. मी फोन करते. ते सभ्यपणे बोलतात.

शकुबाई नळावर सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "तुह्ये टोंगळे गेले तं गेले, माह्यं कार्ड काऊन घालवलं? मी येत नव्हती, तूच नेलं मले." सुलोचनाबाई भरलेली बादली तिथेच ठेवून घरी आली. बाकीच्या बाया आपसात वेगळंच बोलायच्या. नवरा नसलेल्यांना हळदीकुंकू लावायला गेले, म्हणून हे असं झालं. मी त्यांना म्हटलं, चोर टाय लावून तुमच्यासमोर बसला होता, तो दिसला नाही, आणि कुंकू तेवढं बरं दिसलं. त्या मला बाई म्हणतात, त्यामुळे ऐकून घेतात. मनातलं बदलत नाहीत.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त निघाले. दोन-तीन घरचे लोक आले होते. तिने दारातूनच परत पाठवलं. आता नागपूरहून रोट्यांची पार्टी येते, गॅसवर करतात, लोक खातात. मडकी तिने वर्षालीच्या गाडीत घालून गिरडला दिली, जावयाच्या म्हशीला पाणी ठेवायला. स्वतः मात्र गेली नाही. जावयाच्या घरी सरकत सरकत फिरायचं तिला नको आहे. घरात ती तशीच फिरते, बसल्या बसल्या, हातांवर भार देऊन. हात अजून चांगले आहेत. सकाळी हाक मारत नाही. पेपर आला की माझा नवराच दारात जाऊन नावं वाचून दाखवतो, आणि ती हं म्हणते.

यंदा संक्रांतीला प्रेरणाच्या अंगणात काही नव्हतं. देवळातल्या हळदीकुंकवाला मी गेले नाही. घरात ताट केलं, हळद, कुंकू, तिळगूळ, एक स्टीलची वाटी, आणि समोर गेले. सुलोचनाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि कुंकवात बोट बुडवलं. तिने पदर कपाळावर ओढून घेतला.

"काय पाह्यजे तुमाले, बाई?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. माझ्यासाठी तिच्याजवळ काही असतं तर तिने ते दिलं असतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"काहीच नको," मी म्हटलं. "काहीच नको, सुलोचनाबाई."

तिने माझ्या बोटाकडे पाहिलं.

"मंग कायले लावता?"